तिरशिंगरावाची चांगली नोकरी

ऑफिसात त्याला तिरशिंगराव म्हणत, आणि तोंडावर म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. कोणी पोरगं नवीन लिहिलेला प्रोग्रॅम कौतुकाने दाखवायला आलं, की हा खुर्चीसुद्धा न वळवता विचारायचा, "हे चालतंय असं तुला कोणी सांगितलं?" पोरगं आल्या पावली परत जायचं. कोणाच्या वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवायला जमले, की हा कानाला हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याचं बरं कोणाशीच नव्हतं. पण प्रोग्रॅम अडला की सगळे त्याच्याच टेबलाशी येऊन उभे राहत, कारण कामात तो वाघ होता. वाघाच्या जवळ बसून जेवायला मात्र कोणी तयार नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

काही वाटायचं ते एकाच दारापाशी. ते दार त्याच्या थोरल्या भावाचं, म्हणजे खरं तर वहिनीचं.

आईबाप लवकर गेले. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा हा शाळेत होता. दप्तर फेकायचा, उलट बोलायचा, परीक्षेच्या सकाळी पोटात दुखतंय म्हणून लोळायचा. वहिनीने त्याला कानाला धरून शिकवलं. लाड केले नाहीत. ती शिवणाच्या कारखान्यात हॉस्पिटलचे गणवेश शिवायची, घरी यायची आणि आल्याआल्या याच्या वह्या उघडायची. याच्या ओठावर मिसरूड फुटलं, कॉम्प्युटरची पदवी झाली, नोकरी लागली, तेव्हा पहिला पगार त्याने वहिनीच्या हातात ठेवला. तिने तो मोजला नाही, कपाटात टाकला आणि म्हणाली, "आता जरा माणसात वाग." ते त्याला जमलं नाही, पण तिचं बोलणं त्याने कधी मनावर घेतलं नाही असंही झालं नाही. जगात एवढ्या एकाच माणसाचा त्याला धाक होता.

दादा नकाशे काढायचा. घरं बांधणाऱ्या एका ऑफिसात तो जुना माणूस होता. पेन्सिलीची रेघ मारली की ती तीनदा तपासणारा, दाराची उघडझाप कुठल्या बाजूला होईल हे डोळे मिटून बघणारा, आणि तेवढं झाल्यावरही साहेबाला म्हणणारा, "एकदा तुम्ही बघून घ्या." असा माणूस.

तिरशिंगराव ज्या कंपनीत होता ती फोनवरचे खेळ बनवायची. रंगीत फळं जुळवायची, तीन जुळली की फुटतात, असला खेळ. फळं दुसऱ्या कोणी केली होती. तिरशिंगरावाने केली होती माळ. रोज खेळलात की तुमच्या माळेत एक मणी यायचा, टिंग असा गोड आवाज व्हायचा. एक दिवस चुकलात की सगळी माळ तुटून मणी पडद्यावर घरंगळत जायचे. बस, एवढंच. पण माळ तुटू नये म्हणून लोक लग्नाच्या मांडवात खेळत, दवाखान्याच्या बाकड्यावर खेळत. कंपनीने त्याला बक्षीस दिलं. बक्षीस घेऊन तो दादाकडे गेला आणि दादाचा फोन हातात घेऊन त्याने स्वतःच तो खेळ त्यात टाकला. "बघ दादा, ही माळ मी केलीय."

धाकट्याने केलंय म्हणून दादा खेळायला लागला. पहिले काही दिवस नुसतं कौतुक होतं. येईल त्याला दाखवायचा. मग कौतुक संपलं आणि खेळ राहिला. जेवताना एक हात ताटात, एक फोनवर. ऑफिसात टेबलाच्या खणात फोन. वर्षभरात त्या तीनदा रेघ तपासणाऱ्या माणसाने एका इमारतीच्या नकाशात जिना असा काढला, की वरच्या मजल्यावर तो थेट न्हाणीघरात निघत होता. साहेबाने पहिल्यांदा हसून सोडलं. दुसऱ्या वेळी सोडलं नाही. दादा घरी बसला, आणि घरी बसल्यावर तर काय, मोकळं रानच मिळालं.

वहिनी तिरशिंगरावाला शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. तिने दारात उभं राहून सरळ सांगितलं, "तू हुशार आहेस म्हणून मी तुला शिकवलं. त्या हुशारीने तू माझा संसार खाल्लास. माणसांच्या उपयोगाचं काही करत असलास तर ये. नाहीतर या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही." आणि दार लावलं.

दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिरशिंगरावाला पुढे किती तरी दिवस वाटत राहिलं. आपटलेलं दार पुन्हा उघडतं. तिने ते हळूच लावलं होतं. त्याने आठवड्याच्या आत नोकरी सोडली. लोकांना वाटलं, याला उपरती झाली. उपरती वगैरे काही नाही. त्याला त्या घरात परत जायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी नोकरी शोधायला तो बाहेर पडला.

आता, चांगलं काम करणाऱ्या कंपन्या नसतात असं नाही. भरपूर असतात. भिंतीवर हसऱ्या मुलांचे मोठे फोटो, कोपऱ्यात कुंडीतलं झाड आणि बसायला गाद्या असल्या की ओळखायचं, इथे चांगलं काम चालतं. पहिल्या कंपनीत एक अनवाणी तरुण त्याच्यासमोर गादीवर मांडी घालून बसला. कंपनी खेड्यातल्या मुलांना फोनवर गणित शिकवत होती. तरुणाने गणिताचं काही विचारलं नाही, प्रोग्रॅमचंही नाही. हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "सर, तुमची जखम काय आहे?"

"कसली जखम?"

"म्हणजे, तुम्हाला या कामाकडे कोणत्या दुःखाने आणलं?"

"बसने आलो," तिरशिंगराव म्हणाला.

तिथून बोलावणं आलं नाही. दुसरी कंपनी आकाशातून काढलेल्या फोटोंवरून झाडं मोजायची. तिथल्या बाईंनी त्याची जुनी नोकरी ऐकली आणि वहीतून मानच वर केली नाही. "व्यसन लावणाऱ्या खेळांची कंपनी," त्या म्हणाल्या, "आमच्या मूल्यांत ते बसत नाही." याने विचारलं, "मोजलेली झाडं पुढे कोणी तोडली तर तुम्ही काय करता?" बाई म्हणाल्या, "पुन्हा मोजतो." तिरशिंगराव हसला. तो हसला की समोरच्याला आपली चूक दाखवल्यासारखं वाटायचं, आणि ते खरंही असायचं. तिथूनही बोलावणं आलं नाही.

असं बरंच चाललं. या कंपन्यांना पश्चात्तापाचा नमुना हवा असतो. रडून दाखवा, मग आत या. तिरशिंगरावाला रडता येत नव्हतं आणि खोटं रडणं त्याहून येत नव्हतं. हुशारी असून घरी बसायची पाळी आली. जुने सोबती भेटले की म्हणत, "काय, समाजसेवा सुरू झाली का?" आणि तो त्यांना जे उत्तर द्यायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी त्याला ठेवून घेतलं ते एका बाईंनी. या बाई पूर्वी टेलिफोन खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी ही कंपनी काढली होती. काम साधं होतं. ज्याला दिसत नाही त्याने फोनवरचं एक बटण दाबायचं. कुठला तरी डोळस माणूस, घरबसल्या, फुकट, तो फोन उचलायचा. आंधळ्या माणसाने कॅमेरा समोर धरायचा, डोळसाने बघून सांगायचं. ही बस कुठे जाते, या पाकिटावर तारीख काय आहे, शर्टाला डाग पडलाय का. बाईंनी त्याला ना जखम विचारली ना मूल्यं. म्हणाल्या, "आमच्याकडे मनं चांगली असलेले हजारो लोक आहेत. नावं नोंदवतात, आणि फोन वाजला की उचलत नाहीत. परवा एक मुलगी चौकात उभी राहून फोन लावत होती, कोणी उचलला नाही. भर रहदारीत. मला फोन उचलणारी माणसं पाहिजेत. तुमच्या खेळातली ती माळ, ती मला इथे करून द्या."

त्याला ठसका लागला. मग त्याने विचार केला, की सुरी तीच असते, एकाने कांदा कापला, एकाने गळा कापला, त्यात सुरीचा काय दोष. आणि हो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याने फार विचार केला नाही, त्याला वहिनीचं दार दिसत होतं.

त्याने गुण केले. फोन उचलला की गुण. पटकन उचलला की जास्त. काम उरकून फोन लवकर मोकळा केला, म्हणजे पुढच्याला मिळाला, की आणखी जास्त. आठवड्याला सगळ्यात पुढे कोण याचा फळा. आणि गुण मिळाला की आवाज, तोच, टिंग. नवीन आवाज शोधायचा त्याला कंटाळा आला होता. महिन्याभरात फोन वाजायचा अवकाश, लोक झडप घालायला लागले. चौकात उभ्या मुलीला आता थांबावं लागत नव्हतं. हे खोटं नव्हतं. बाईंनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं, आणि तिरशिंगरावाला पहिल्यांदा आपण काही बरं केलं असं वाटलं. ते त्याला आवडलंसुद्धा. दोन दिवस तो कोणावर खेकसला नाही, तर शेजारच्या मुलीने विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?"

मग तो वहिनीकडे गेला. दारातच उभा राहून त्याने काम समजावून सांगितलं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्न विचारले आणि दारातून बाजूला झाली. "ये आत." बाकी काही नाही. चहा झाला.

दादा खिडकीशी बसून फळं फोडत होता. त्याने मान वर करून "आलास?" म्हटलं आणि परत खाली घातली. वहिनीने एकदा दादाकडे बघितलं, एकदा तिरशिंगरावाकडे. "तुझं ते आंधळ्यांचं, ते ह्यांच्या फोनमध्ये टाकता येईल?" तिने विचारलं. "बोटं चालायचीच आहेत, तर निदान कोणाच्या उपयोगाला चालतील."

कोणी म्हणेल, तिथेच याने नाही म्हणायला हवं होतं. कोणी काहीही म्हणेल. दार इतक्या दिवसांनी उघडलं होतं. त्याने दादाचा फोन हातात घेतला, दुसऱ्यांदा.

दादा बदलला. फळांचा खेळ आपणहून सुटला. सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो खिडकीशी बसायचा आणि फोन घ्यायचा. "बोला. हां. बस आलीय, चढा." वहिनी कारखान्यातून आली की दादा तिला सांगायचा, आज किती जणांना मदत झाली. फळ्यावर त्याचा नंबर वर वर चढत गेला आणि एका आठवड्यात पहिला आला. वहिनीने शेजारणीला बोलावून दाखवलं. ज्या बाईने माणसात वाग म्हणून सांगताना कधी आवाज मऊ केला नाही, ती आता तिरशिंगरावाला म्हणाली, "तू माझा माणूस परत आणलास." तिरशिंगराव दर रविवारी जेवायला जायला लागला. दादा जेवताना फोन ताटाशेजारी उताणा ठेवायचा, वाजला की घास तसाच ठेवून झडप घालायचा, आणि बोलताना त्याची नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात असायची, जिथे गुण दिसत. तिरशिंगरावाने ते पाहिलं. पाहिलं आणि भाजी वाढून घेतली. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधला बारीक किडा शंभर हातांवरून ओळखणारा माणूस हा, पण त्या ताटावर त्याला काही ओळखायचं नव्हतं.

बाईंच्या ऑफिसात एक रीत होती. तक्रार आली की त्या फोनचं रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून बघायचं-ऐकायचं, मोठ्या स्पीकरवर, कामं बंद करून. चुका कोपऱ्यात झाकून राहतात म्हणून त्या मधोमध आणायच्या, असं बाई म्हणत. ज्याची पाळी असेल त्याने ते लावायचं, आणि नंतर तक्रार करणाऱ्याशी त्यानेच बोलायचं. त्या दिवशी पाळी तिरशिंगरावाची होती. त्याने बटण दाबलं.

भिंतीवरच्या पडद्यावर एका हातात धरलेली पांढरी छोटी बाटली दिसत होती. माणसाचा आवाज आला. "ही डोळ्यात घालायची आहे का बघा. माझ्याकडे दोन सारख्याच बाटल्या आहेत."

"हो, डोळ्यातलीच," दुसरा आवाज म्हणाला.

"नीट बघितलंत ना?"

"बघितलं हो. आणखी काही? ठेवू?"

आणि टिंग.

पडद्यावर बाटलीची पाठ होती. कोरी, पांढरी. नाव पलीकडच्या बाजूला होतं. तिथे वाचण्यासारखं एक अक्षरही नव्हतं, आणि दादाने ते वाचून दाखवलं होतं. दादाने. तो आवाज तिरशिंगरावाने जन्मापासून ऐकला होता. खोलीतल्या दुसऱ्या कोणालाच तो कोणाचा ते ठाऊक नव्हतं. दुसरी बाटली कानातला मळ काढायच्या औषधाची होती. माणसाच्या हातात होती ती तीच, आणि तीच त्याने डोळ्यात घातली होती.

कोणी तरी मागून हलकेच बोललं, "तसं बघायला गेलं तर, दिसत नव्हतंच ना त्याला." दोघंतिघं हसली. मोठ्याने नाही.

तिरशिंगराव एरवी अशा वेळी मागे वळून त्या माणसाची सालं काढायचा. त्या दिवशी वळला नाही. रीतीप्रमाणे त्याने तक्रार करणाऱ्याला फोन लावला. तो माणूस एका बँकेत फोन जोडून द्यायचं काम करत होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज ऐकून त्याला कोण काय बोलतो याची चांगली पारख होती. तिरशिंगरावाने ठरलेली वाक्यं म्हणायला सुरुवात केली, आम्हाला खेद वाटतो, आम्ही चौकशी करू. माणसाने मधेच तोडलं.

"तुमच्याकडे कोणी हसलं का हो?"

तिरशिंगरावाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हसलं असणार. डॉक्टरकडेही एक हसला. दिसत नाही म्हणून दुखत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला? आग आग झाली. रात्रभर भिंतीला डोकं लावून बसलो होतो. आता सांगा, तुमच्या त्या माणसाला इतकी घाई कसली होती? मला फुकट मदत करत होता ना तो? मग त्याची गाडी कुठली सुटत होती?"

या प्रश्नाचं उत्तर त्या ऑफिसात एकट्या तिरशिंगरावाला माहीत होतं, कारण ती गाडी त्यानेच सोडली होती. पण तो "बघतो" एवढंच म्हणाला. "बघाच," माणूस म्हणाला, आणि त्यानेच फोन ठेवला.

बाईंचा नियम सरळ होता. ज्याच्या हातून असं होईल त्याला काढून टाकायचं आणि का काढलं ते कळवायचं. त्या म्हणाल्या, "निष्काळजी माणूस. काढा, आणि विषय संपवा."

"माणूस निष्काळजी नाही," तिरशिंगराव म्हणाला. "गुण काढा. तो बाटलीकडे बघतच नव्हता, गुणांकडे बघत होता. मी ते तसंच केलंय. लवकर ठेव, गुण घे. एक सापडला. न सापडलेले किती असतील?"

"गुण काढले की काय होईल?"

"फोन वाजत राहतील."

"आणि ती चौकातली मुलगी?"

बाई वाईट नव्हत्या, हीच पंचाईत होती. वाईट असत्या तर त्यांना दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता. "हजारो फोन नीट होतात," बाई म्हणाल्या. "एक बिघडला. तुमच्या मनाला टोचतंय म्हणून मी बाकीच्यांना रस्त्यात उभं करू?"

"निदान लवकर ठेवल्याचे गुण काढा."

"ते काढले की रांग लागते. तुम्हीच मला आकडे दाखवले होते."

तेव्हा तो बोलून बसला, "तो माझा भाऊ आहे."

बाईंनी चष्मा काढला. इतका वेळ त्या वाद घालत होत्या, आता त्यांचा चेहराच बंद झाला. "असं आहे तर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही आंधळ्यांसाठी भांडताय. तुम्ही भावाला वाचवताय."

चोराला सोडून संन्याशाला सुळी देतात असं म्हणतात, इथे चोराने हात वर करून सांगितलं तर तोही कोणाला खरा वाटेना. जन्मभर दुसऱ्यांना "हे चालतंय असं तुला कोणी सांगितलं" विचारणाऱ्या तिरशिंगरावाने पहिल्यांदा स्वतःची चूक चारचौघांत कबूल केली होती, आणि ती कोणी घेत नव्हतं. तो खूप चिडला. बाईंवर चिडला, हसणाऱ्यांवर चिडला, दादावर तर सगळ्यात जास्त. बाटली फिरवा एवढे दोन शब्द बोलायला दादाच्या बापाचं काय जात होतं, हा दादाचा बाप आपलाही बाप आहे हे विसरून तो मनात म्हणाला.

"गुण राहणार असतील तर मी राहत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला घेतलं ते गुणांसाठीच," बाई म्हणाल्या. "ते तर झालेत."

संध्याकाळी तो वहिनीकडे गेला तेव्हा कंपनीचा निरोप दादाच्या फोनवर आधीच पोहोचला होता. दादा खिडकीशी बसला होता, शर्ट धुतलेला, दाढी केलेली, फोन मांडीवर. वहिनी कारखान्याचे कपडे न बदलताच त्याच्यासमोर उभी होती. तिने तिरशिंगरावाला बघितलं आणि विचारलं, "ह्यांना का काढलं?"

त्याने सगळं सांगितलं. बाटली, कोरी बाजू, बँकेतला माणूस, भिंतीला डोकं लावून काढलेली रात्र. लपवलं नाही. गुण कसे केले होते, का केले होते, आवाज तोच का होता, तेही सांगितलं. आणि नोकरी सोडली म्हणून सांगितलं. बोलत असताना आपण दादाला वाचवतोय की स्वतःला, ते त्याचं त्याला कळेना.

दादा खाली मान घालून ऐकत होता. बँकेतल्या माणसाचं ऐकताना त्याने एकदा डोळ्यांवरून हात फिरवला. तिरशिंगरावाला वाटलं, आता दादा रडेल, आणि रडला तर बरं होईल. मग दादाने मान वर केली.

"मग माझे गुण?" त्याने विचारलं. "ते परत मिळतील ना?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला टेकली. इतक्या वर्षांत तिला टेकलेली त्याने पाहिली नव्हती, ती उभी राहायची ती सरळ.

"गेले," तिरशिंगराव म्हणाला. "सगळे गेले, दादा."

दादाने फोन उचलला आणि त्याचं बोट पडद्यावर काही तरी शोधायला लागलं. तो फळांचा खेळ शोधतोय हे दोघांनाही कळलं. वहिनी पुढे झाली आणि तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. त्याने अडवलं नाही. नुसता मोकळ्या हाताकडे बघत राहिला.

तिरशिंगराव दाराकडे वळला. ती हाकलणार हे त्याला ठाऊक होतं, आणि आधीच निघालं म्हणजे तिला तोंड उघडायला लागणार नाही असा त्याचा हिशेब होता.

"कुठे निघालास?" वहिनी म्हणाली. आवाजात माया नव्हती. "नोकरी नाही ना आता? बरं झालं. मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. तेवढा वेळ हे एकटे असतात. उद्यापासून तू यायचंस. इथे, ह्या खुर्चीवर बसायचं ह्यांच्याजवळ. बोलले तर बोलायचं, शिव्या दिल्या तर खायच्या. आणि फोन घरी ठेवून यायचं."

तिरशिंगरावाने दादाकडे बघितलं. दादाने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. "नोकरी तर शोधावी लागेल ना, वहिनी," तो म्हणाला. "किती दिवस बसू?"

"ह्यांना ते लावून दिलंस तेव्हा विचारलं होतंस का, किती दिवस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन घरी ठेवून तो गेला आणि दादाजवळच्या खुर्चीवर बसला. दादा त्याच्याशी बोलला नाही.